शिवणीतली माया

"पोराच्या तोंडाकडे बघायचं नाही हं. कितीही गोड असलं तरी नाही."

थोरल्या बाईंचा तो आवाज. त्या जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण आवाज गेला नाही. खडूच्या भुकटीसारखा कोरडा, आणि वाक्याच्या टोकाशी किंचित हसणारा. परीक्षक बाई तेव्हा नव्या होत्या. समोरचं मूल अडलं की त्यांचाच जीव वरखाली व्हायचा. थोरल्या बाईंनी ते पाहिलं आणि बाजूला घेऊन सांगितलं, "आपल्या डोळ्यांत उत्तर असतं, पोरी. शिकल्यासवरल्या घरातली मुलं ते बरोबर उचलतात. चूक बोलायला लागली की आपली भुवई हलते, तेवढ्यात ती वळतात. गरिबाच्या पोराला ही उचलेगिरी कुठून येणार? त्याच्याशी घरात कोण असं प्रश्न-प्रश्न खेळतं? म्हणून सगळ्यांना एकच माप. डोळे घड्याळावर, कान पोराकडे."

बाईंनी ते बोलणं मनाशी गाठ मारून ठेवलं. पुढे थोरल्या बाई निवृत्त झाल्या, मग नाहीशा झाल्या, आणि बाईंच्या स्वतःच्या केसांत पांढरं दिसू लागलं. पण गाठ सुटली नाही. शाळाशाळांतून फिरायचं, कुशाग्र मुलं हुडकायची, त्यांना टेकडीपलीकडच्या निवडशाळेत पाठवायचं, हे त्यांचं काम. त्या शाळेत पुस्तकांची मोठी खोली होती, आभाळ बघायची दुर्बीण होती, आणि मुलाला जेवढं कळतं तेवढं कळू द्यायची मुभा होती. ही शेवटची गोष्ट बाकी कुठेच मिळत नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्या कामात चालढकल नव्हती. मुलं त्यांना मागून 'घड्याळबाई' म्हणत. त्यांच्या कानावर ते आलं होतं. आपण कुणाची बाजू घेत नाही याचीच ती पावती, असं त्यांना वाटायचं.

यंदा वरून हुकूम आला होता. हुशार पोरं काय फक्त रुंद रस्त्यांवरच जन्मतात? अरुंद गल्ल्यांतूनही आणा. खालच्या वस्तीतल्या प्रत्येक शाळेला एक जागा राखून ठेवली होती. बाईंना मनापासून बरं वाटलं. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते आता दारात आलं होतं.

तर अशा एका कुंद सकाळी बाई त्या शाळेत गेल्या. चाचणीसाठी त्यांना खेळाच्या सामानाची खोली दिली होती. हवा गेलेले चेंडू, एक पाय मोडलेलं बाक, खिळे बाहेर आलेलं टेबल. खिडकीच्या काचेवर एवढी धूळ होती की बाहेरचा उजेड पुसायच्या फडक्यातून यावा तसा येत होता.

वर्गशिक्षक मुलीला दंडाला धरून घेऊन आले. चिपाडासारखी बारीक मुलगी. फ्रॉक मात्र अंगाबरोबर बसलेला, एक सुरकुती नाही.

"ही आमची घुमी," ते म्हणाले. "गणित कागदावर दिलं की सोडवते. म्हणून चाचणीला हिचं नाव दिलं. तोंड मात्र उघडत नाही बघा. भिंत बोलेल, पण ही नाही."

"असू दे," बाई म्हणाल्या. "इथे बोलतात मुलं."

वर्गशिक्षक हसले. "तुमच्या तोंडात साखर पडो."

दार लागलं. मुलगी बाकावर बसली. बाईंनी घड्याळ सुरू केलं आणि नजर काट्यावर टेकवली.

"एक दोरी आहे. ती तीन ठिकाणी कापली. तुकडे किती?"

काटा सरकला. उत्तर नाही. बाईंनी पानावर रेघ ओढली.

"दार आणि पुस्तकाचं पान, या दोघांत सारखं काय?"

उत्तर नाही. पण खोली रिकामी वाटत नव्हती. मुलीचे डोळे आपल्या भांगावर टेकलेत, हे बाईंना मान खाली असूनही जाणवत होतं, कुणीतरी डोक्यावर हात ठेवावा तसं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. त्याच्या पुढचा. मुलगी श्वास घ्यायची, बोलायला घेतल्यासारखा. आणि तो श्वास तसाच परत जायचा.

मध्येच बाईंचं कोपर लागून टेबलावरचा लाकडी ठोकळा खाली पडला. तो उचलायला त्या वाकल्या, तर कोटाची काखेतली शिवण टेबलाच्या खिळ्यात अडकली आणि चर्रकन उसवली. त्या तशाच अवघडलेल्या वर उठल्या, आणि क्षणभर दोघींची नजरानजर झाली. मुलीचा चेहरा एकदम उजळला. तोंड उघडलं.

पोराच्या तोंडाकडे बघायचं नाही हं.

बाईंनी डोळे खाली घेतले. मुलीचं तोंड मिटलं. तेही त्यांना ऐकू आल्यासारखं वाटलं.

"शेवटचा प्रश्न. आरसा आणि सावली, यांत फरक काय?"

काट्याने आपला फेरा पुरा केला. बाईंनी शेवटची रेघ ओढली. "झालं. जा तू."

मुलगी उठली, पण गेली नाही. टेबलाजवळ आली आणि तळव्याने टेबलावर दोनदा थाप मारली, हलकेच, दारावर मारावी तशी.

"टेबल वाजवू नये," बाई कागद आवरता आवरता म्हणाल्या.

पावलं दूर गेली. बाईंना वाईट वाटलं, नेहमी वाटतं तेवढंच. मूल गप्प राहिलं की त्यांना विहिरीत पोहरा सोडून कोरडा वर ओढल्यासारखं व्हायचं.

शाळा सुटल्यावर शिपायाने उसवलेला कोट पाहिला. "बाई, थंडी आत शिरतेय की. समोरच्या गल्लीत मुक्या टेलरचं दुकान आहे. हातासरशी करून देईल."

दुकान कसलं, एक लांबट खोली. पुढच्या अर्ध्या भागात शिलाई मशीन आणि कापायचं टेबल, मागे पडदा, पडद्यामागे संसार. जमीन लाकडी फळ्यांची. टेलर मशीनवर वाकलेला होता. कोपऱ्यात एक बाई मांडीवर शर्ट घेऊन काजं करत होती.

"अहो, जरा बघता का?"

कोणी मान वर केली नाही. बाईंनी पुन्हा हाक मारली. मशीन घरघरत राहिलं.

तेवढ्यात पडदा सरला आणि सकाळचीच ती मुलगी बाहेर आली. तिने बाईंना पाहिलं, ओळखलं, आणि फळीवर जोरात पाय आपटला. टेलरने मशीन थांबवून वर पाहिलं. मुलीचे हात चालू झाले. बोटं, मनगटं, भुवया, सगळं एकदम. एखादं झाड वाऱ्यात बोलतं तसं.

"कोट काढून द्या," ती बाईंना म्हणाली. आवाज खणखणीत, थोडा गरजेपेक्षा मोठाच. "कुठे उसवलाय?"

बाई बघतच राहिल्या. भिंत बोलेल पण ही नाही.

टेलरने कोट उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला, आणि त्याचा चेहरा खुलला. कापडाची कड चिमटीत धरून ती हळूच मागे ओढावी, अशी खूण त्याने हवेत केली.

"बाबा म्हणतात, आत माया भरपूर सोडलीय, जादा कापड," मुलगी म्हणाली. "एवढी माया हल्ली कोणी सोडत नाही. कोणी शिवलाय?"

"माझ्या आईने."

मुलीने ते हातांनी पोहोचवलं. काजं करणारी आई आता वर बघत होती. तीही हसली.

बाईंच्या आईने तो कोट शिवला तेव्हा ती थकलेली होती. शिवताना ती स्वतःशीच म्हणायची,

सुईबाई सुईबाई, दोऱ्याला वाट दे,
फाटल्या आभाळाला एवढी एक गाठ दे.

आणि म्हणायची, माणूस पुढे जाडं होईल की वाळेल हे शिवणाऱ्याला कुठे ठाऊक असतं, म्हणून आत माया ठेवायची. बाईंना ते किती दिवसांनी आठवलं.

दारात एक ढेरपोटे गृहस्थ उभे राहिले. "काय गं टाचणे, झाली का माझी पँट? तुझ्या बापाला म्हणावं, लग्न पुतण्याचं आहे, पुतण्याच्या नातवाचं नाही."

मुलीचे हात चालले. टेलरने उत्तर दिलं, आणि देताना दोन्ही हातांनी हवेत एक गरगरीत ढोल काढला.

"बाबा म्हणतात," मुलगी गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "तुमच्यासारख्या माणसाची पँट घाईत शिवली तर लोक टेलरला नावं ठेवतील. उद्या सकाळी या."

"हं. आता कसं," गृहस्थ निवळले. "पण उद्या म्हणजे उद्या. नाहीतर मी असाच जाऊन उभा राहीन मांडवात, आणि सांगेन सगळ्यांना, कोणाची कृपा ते."

ते गेल्यावर बाईंनी विचारलं, "बाबा खरंच तसं म्हणाले?"

"बाबा म्हणाले, पँट तयार आहे, आधी पोट आत घ्यायला सांग."

"मग तू हे काय सांगितलंस?"

"मग भांडण झालं असतं ना. अजून इस्त्री व्हायचीय, म्हणून उद्या म्हटलं." तिने खांदे उडवले. "ते दोघं बोलून मोकळे होतात. पोहोचवायचं मला असतं. पोहोचेल तेवढंच द्यायचं."

बाईंनी पैशाच्या पाकिटासाठी पिशवीत हात घातला. पाकीट तळाशी गेलं होतं. चाचपडत त्या म्हणाल्या, "किती वेळ लागेल गं?"

उत्तर नाही.

"अगं, किती वेळ लागेल म्हटलं?"

मशीन घरघरलं. बाईंनी पाकीट सापडल्यावर वर पाहिलं, आणि मुलगी लगेच म्हणाली, "आत्ता होईल. तुम्ही बसा तर."

बाई बसल्या नाहीत. त्यांनी समोर पाहिलं. आई पुन्हा काजावर वाकली होती, दोरा दातात होता. मुलगी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, हात तयार ठेवून, आणि नुसती थांबली. आईच्या कपाळाकडे बघत. घाई नाही, कुरकुर नाही. मग तिने जवळच्या टेबलावर तळव्याने दोनदा थाप मारली. आईने मान वर केली, आणि तेव्हाच मुलीचे हात बोलू लागले.

बाईंनी भिंतीकडे तोंड केलं. "तुला घरी काय नावाने हाक मारतात?"

शांतता. त्या वळल्या.

"टाचणी," मुलगी म्हणाली. चिमूट करून तिने आपल्या कॉलरला लावली. "अशी मारतात. हाताने."

"सकाळी तू मला उत्तरं का नाही दिलीस?"

मुलीला प्रश्नाचंच नवल वाटलं. "तुम्ही कुठे ऐकत होता?"

"ऐकत होते की. सगळा वेळ."

"बघत नव्हता." तिने ते अशा समजुतीने सांगितलं, जसं लहान भावंडाला सांगावं. "न बघणाऱ्याला सांगितलं तर बोलणं खाली सांडतं. आई रागावते मग. म्हणून थांबले होते. तुम्ही एकदा बघितलंत, मला वाटलं आता, पण लगेच गेलात तुम्ही."

वर्गशिक्षक फळ्याकडे तोंड करून प्रश्न विचारत असतील. हजेरीत मान घालून नाव पुकारत असतील. आणि ही त्यांची वाट बघत असेल, तास तासभर, वर्ष वर्षभर, हात तयार ठेवून.

"मग ती उत्तरं?" बाईंनी विचारलं.

"आहेत ना. सांगू?" तिने श्वास घेतला. "दोरीचं तर..."

बाईंनी चटकन ओठांवर बोट ठेवलं. तिचं उत्तर आता चाचणीबाहेर ऐकलं तर ती चाचणीच बाटली. सगळं पुन्हा, रीतसर व्हायला हवं होतं. त्या खाली बसल्या, मुलीच्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाल्या, "आता नको. मी परत विचारायला येणार आहे. तोवर कोणालाच सांगायचं नाही. शाळेत नाही, घरी नाही. ठेवशील?"

"ठेवीन," टाचणी म्हणाली. मग तिने वळून आईवडिलांना काहीतरी सांगितलं, आणि टेलरने कोट देताना पैसे घेतले नाहीत. बाईंनी आग्रह केला तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा म्हणतात, मुलीच्या बाईंकडून कसे घ्यायचे."

निवड कार्यालयातले साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेनला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"बाई, हे मी वर कोणत्या शब्दांत कळवू? परीक्षकांनी पाहिलं नाही म्हणून मुलगी गप्प राहिली? लोक हसतील."

"हसू देत."

"आणि न बघण्याचा नियम आपलाच. आजवर तुम्ही नव्या परीक्षकांना तोच शिकवत आलात."

"हो. सरसकट शिकवत आले. म्हणूनच फेरचाचणी मागतेय."

साहेबांनी टोपण टेबलावर ठेवलं. "फेरचाचणी नाही, हा ठराव कोणाचा, आठवतं? त्या कारखानदाराने आपल्या चिरंजीवांसाठी दुसरी संधी मागितली होती. मंत्र्याची चिठ्ठी घेऊन आला होता. मी ढिला पडलो होतो, खोटं कशाला बोलू. तुम्ही याच खोलीत उभं राहून टेबल वाजवलं होतंत. एकाला दार उघडलं तर उद्या पैसेवाल्यांची रांग लागेल म्हणालात. मला तेव्हा तुमचा अभिमान वाटला होता."

बाईंनी टेबलाकडे पाहिलं. साधं टेबल. त्यांनीच वाजवलेलं.

"ही पैसेवाली नाही, साहेब."

"नाही. पण तिने प्रश्न ऐकलेत. आता जे सांगेल ते घरी विचारून नाही कशावरून, असं कोणी म्हटलं तर?"

"विचारणार कोणाला? घरात ऐकू येणारी ती एकटीच आहे, आणि कोणालाच सांगणार नाही असा शब्द दिलाय तिने."

साहेबांनी टोपण उचलून पुन्हा पेनला लावलं. म्हणाले, "मला वाईट वाटत नाही असं समजू नका. मी विचारून बघतो वर."

त्यांनी खरंच विचारलं. उत्तर तेच आलं. त्या शाळेतून कोणी पात्र ठरलं नाही, सबब तिची राखीव जागा रुंद रस्त्यावरच्या शाळेकडे वळवण्यात येत आहे. पुढच्या वर्षाचं बाईंनी विचारलं, तर पुढच्या वर्षी मुलीचं वय बसत नव्हतं. सगळीकडे नियम होता, आणि प्रत्येक नियम कुणातरी गरिबाच्या भल्यासाठीच केलेला होता. बाईंना तो पुसून टाकावा असा एकही सापडेना.

निरोप शाळेमार्फत गेला असता. बाई म्हणाल्या, मी जाते.

त्या गेल्या तेव्हा दिवस कलला होता. दुकानात दिवा लावलेला होता, आणि कापायच्या टेबलावर निळं कापड पसरलेलं होतं. निवडशाळेच्या गणवेशाचं निळं. कापून झालं होतं, अर्धं शिवूनही झालं होतं. बाईंनी चौकटीला हात धरला. मी परत येणार आहे, एवढंच तर त्या म्हणाल्या होत्या. या घरात त्याचं कापड कापलं गेलं होतं.

टाचणी धावत पुढे आली. "आता विचारणार?"

"आधी आईबाबांना एक सांगायचंय," बाई म्हणाल्या. "तूच सांगावं लागेल."

"मीच सांगते नेहमी."

ही बातमी दुसऱ्या कोणाच्या हातून पोहोचवता आली असती तर बाईंनी ते हात विकत घेतले असते. पण त्या खोलीत दुसरे हात नव्हते. त्यांनी मुलीकडे बघत, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. पुन्हा विचारायला परवानगी मिळाली नाही. जागा दुसरीकडे गेली. चूक तिची नाही, माझी आहे.

टाचणी ऐकत होती. तिचा चेहरा हलला नाही. दुकानात उभं राहून दुसऱ्यांची बोलणी ऐकायची सवय असलेला चेहरा. मग ती आईवडिलांकडे वळली. हात चालले, पण थोडेसेच. बाईंनी एवढं लांब सांगितलं होतं, त्यातलं किती पोहोचलं कोण जाणे. 'चूक माझी' असं म्हणताना बाईंनी छातीवर हात ठेवला होता. मुलीचा हात छातीकडे गेलाच नाही.

आई नुसती बघत राहिली. मग तिने टेबलावरचं निळं कापड ओढून घेतलं आणि घडी घालू लागली. एक घडी चुकली, तिने पुन्हा उलगडून घातली.

टेलरने बाईंकडे पाहिलं. त्याचे हात वर आले. कापडाची कड चिमटीत धरून त्याने ती हळूच मागे ओढली. मग बाईंकडे बोट केलं, आणि तळवा उलटा करून दाखवला. रिकामा.

"बाबा म्हणतात," टाचणी म्हणाली, "हरकत नाही. तुम्ही एवढं सांगायला आलात."

बाईंना ती चिमूट ओळखू आली होती. याच खोलीत, त्यांच्या आईच्या शिवणीवर अंगठा ठेवून त्याने ती केली होती. तुमच्या मापात माया नव्हती, असं तो माणूस म्हणाला होता. आणि मुलीने ते पोहोचू दिलं नव्हतं. पोहोचेल तेवढंच दिलं होतं.

"ते असं नाही म्हणाले," बाई हळूच म्हणाल्या.

टाचणीने डोळे खाली घेतले. पहिल्यांदाच.

बाहेर गल्लीतून कोणी सायकलची घंटी वाजवत गेलं. टेलर मशीनवर बसला, पण त्याने पाय मारला नाही. बाईंना निघायला हवं होतं. त्या टेबलाजवळच्या रिकाम्या स्टुलावर बसल्या. हात पुढे करून तळव्याने टेबलावर दोनदा थाप मारली, हलकेच.

मुलीने वर पाहिलं.

"ती उत्तरं आहेत अजून?"

"आहेत. कोणालाच नाही सांगितली. तुम्ही म्हणाला होता."

"आता सांग."

"आता सांगून चालेल?"

चालेल म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाईंनी नुसती मान हलवली आणि बघत राहिल्या. कोटाच्या खिशात घड्याळ होतं. ते तिथेच राहिलं.

"दोरीचे चार तुकडे," टाचणी म्हणाली. "पण दोरीची दोन्ही टोकं आधीच एकमेकांना बांधलेली असतील, तर तीन. तुम्ही ते सांगितलं नव्हतं. आणि दार आणि पान..." ती जरा थांबली, बाईंचे डोळे जागेवर आहेत ना ते पाहून पुढे गेली. "दोन्ही एका बाजूने शिवलेली असतात. म्हणून तर उघडतात."

"हं."

"आरसा आणि सावलीचं. आरशाकडे आपण बघितलं तरच आपण त्यात असतो. सावलीचं तसं नाही. कोणी बघो न बघो, ती असतेच."

मधली सगळी उत्तरंही तिने दिली. रांगेने, एकही न विसरता. इतके दिवस तोंडात धरून ठेवलेल्या टाचण्या एकेक काढून ठेवाव्यात तशी. बाईंनी आजवर कितीतरी मुलं टेकडीपलीकडे पाठवली होती. त्यांतल्या एकाचंही नाव या क्षणी त्यांना आठवेना.

उत्तरं संपली. आईवडील दोघं मुलीच्या ओठांकडे बघत होते. काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं, आणि कळवायला ती त्यांच्याकडे वळली नव्हती.

"बाबा काय म्हणतात ते मला कळलं," बाई म्हणाल्या. "आईचंही कळलं. तू काय म्हणतेस?"

"मी?"

तिचे हात आपोआप वर आले, आणि हवेत अडले. कोणाचं बोलणं पोहोचवायचं तेच त्यांना समजेना. ते पुन्हा खाली गेले. तिने आईच्या मांडीवरच्या निळ्या घडीकडे पाहिलं. मग बाईंकडे. बाईंनी डोळे हलवले नाहीत. पापणीसुद्धा लवू दिली नाही.

"मला जायचं होतं," टाचणी म्हणाली.